डाव्या दंडातली काडी आणि सोमवारच्या गोळ्या

३ नोव्हेंबर, सोमवार

आज गोळ्या सुरू झाल्या. सासऱ्यांच्या थुंकीत टी.बी. निघाला त्याला आज पंधरा दिवस. त्यांचं औषध वेगळं, रोजचं. आम्हा बाकीच्यांचे छातीचे फोटो साफ आले, तरी पुढे होऊ नये म्हणून सगळ्यांना गोळ्या. मोठ्यांना आठवड्यातून एकदा, तीन तीन, बारा आठवडे. मुक्ता अजून दीड वर्षाची, तिला वेगळी लहान गोळी, रोज, पाण्यात विरघळून.

शबानाबाजी डबा घेऊन आल्या. आमच्या गल्लीच्या आशा-सेविका त्याच, आणि सासूबाईंची तीस वर्षांची मैत्रीणही त्याच. वही उघडून विचारलं, "कोनाला दुसरं औषध चालू हाय का? शुगर, बीपी, फिट?" सासूबाई न्हाई म्हणाल्या, हे न्हाई म्हणाले. मीही मान हलवली.

गोळ्या सासूबाईंनी आधी देवापुढे ठेवल्या. हळदकुंकू वाहिलं. मग आम्हाला ओळीनं बसवून गुळाच्या खड्याबरोबर एकेकाच्या तळहातावर दिल्या, तीर्थ देतात तशा. शबानाबाजी हसून म्हणाल्या, "भाभी, गोळी हाय ही, परसाद न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "तुला काय कळतं. पोटात जानारं समदं त्याचंच." गिळल्या. हे गिळून तसेच जालन्याच्या गाडीला पळाले.

मोरीत भांडी घासताना मनात आलं, काडी औषधात धरायची का? विचारायला हवं होतं. पण कोणासमोर.

काडी लागली.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी लघवी लाल. मग आठवलं, बाजींनी सांगितलं होतं, या गोळ्यांनी रंग येतो, घाबरू नका. सासूबाई परसातून येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "मला वाटलं मी बिटाची कोशिंबीर खाल्ली का काय." सासरे खोकत खोकत हसले. मला हसता आलं नाही. लाल रंग पाहिला की मला तो दिवसच आठवतो.

अण्णांची शिकवण अशी की लिहायला बसलं तर अर्धं लिहू नये. म्हणून एकदा सगळं.

मुक्ताच्या वेळी रक्त थांबेना. तीन पिशव्या चढवल्या. शुद्ध आली तेव्हा पायाशी अण्णा उभे होते आणि रडत होते. माझ्या वडलांना मी त्याआधी रडताना पाहिलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन वर्षं तरी दुसरं नको, पुढच्या वेळी मी सांगू शकत नाही. हे सासूबाईंनीही ऐकलं. पण मुक्ता वर्षाची होताच म्हणू लागल्या, "डाक्टर लोक तसंच म्हनत असतेत. म्या सहा काढले, उभ्या उभ्या."

मेमध्ये चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून यांच्याबरोबर जालन्याला गेले आणि काडी बसवून घेतली. डाव्या दंडात, आतल्या बाजूला, कातडीच्या खाली. आगपेटीच्या काडीएवढी, मऊ. तीन वर्षं चालते. बसवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, मधूनमधून बोटानं चाचपत जा. लागली नाही तर सरळ इकडे ये, तोपर्यंत दुसरं साधन वापर. स्वतः काही उकरायचं नाही. मधूनमधून म्हणाल्या होत्या. मी रोज चाचपते. दोन वेळा. लागली की इथे लिहिते.

मी सोडून फक्त यांना माहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

हे आले. बियाण्यांच्या कंपनीत माल भरायचं काम जोरात आहे, यांचे हात कीटकनाशकाच्या वासाचे. मुक्तानं वास घेऊन तोंड वाकडं केलं.

बागेत मोसंबीला पाणी दिलं, दोघं होतो. म्हणाले, आई फोनवर विचारून राह्यली, दुसऱ्याचं काय ठरलं म्हणून. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं? "म्हनलं बघू." एवढंच. यांचं सगळं 'बघू'वर.

काडी लागली.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्या गोळ्या. पुन्हा तसंच, देव, हळदकुंकू, गूळ. मुक्तालाही ओळीत बसायचं असतं. तिची गोळी चमच्यात विरघळवून तिला दिली. थुंकली. पुन्हा दिली. शेवटी सासूबाईंनी तिच्या नाकाला हात लावून "कावळा आला कावळा" म्हणत पाजली. या बाबतीत त्यांच्याइतकं मला जमत नाही, हे खरं ते लिहिते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कापूस निवडत बसलो होतो. सासूबाई खाली मान घालूनच म्हणाल्या, "वैशाली, दसऱ्यापासून तू बाहेर बसली न्हाईस."

आमच्या घरी अडचणीचे चार दिवस चूल आणि देव बंद. म्हणजे माझं आलं-गेलं सगळ्या घराला कळतं. मी म्हणाले, पुढंमागं होतं. "पुढंमागं!" त्या हसल्या. रागाचं हसणं नव्हतं. कित्येक दिवसांनी माझ्या ताटात दोनदा भाजी वाढली.

सिस्टरनी सांगितलं होतं की काडीनं असं होतं. कोणाला थोडं थोडं जात राहतं, कोणाचं बंदच होतं, त्यात भिण्यासारखं नाही. श्रावणात मला अकरा दिवस डाग पडत होते. सासूबाई वैतागल्या होत्या, "ही कसली अडचन, सोमवारापासून सोमवारापावतर?" आठ दिवस बाहेर बसले. उरलेले तीन सांगितलंच नाही. तशीच देवापुढे दिवा लावला. ते अजून मनातून जात नाही. आता महिनाभर काहीच नाही, तर तेही जात नाही.

काडी लागली. जरा खाली सरकल्यासारखी वाटली. पुन्हा चाचपलं, तिथेच होती. दंड लाल झाला दाबून दाबून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार



मुक्ता झोपली म्हणून गोळ्यांचा डबा आवरत होते. डब्याच्या तळाशी घडी घातलेला कागद होता, इंग्रजी, मुंगीएवढं अक्षर. मला बाळदमा होता, तिसरीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. अण्णा अंबडला कोर्टाबाहेर अर्ज लिहितात. त्यांनीच रद्दी अर्जांच्या पाठीवर अक्षरं गिरवून घेतली, आणि सवय लावली की हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. तशी वाचत गेले. 'हार्मोनल' हा शब्द दिसला. त्याच्या मागचं-पुढचं तीनदा वाचलं. माझ्या इंग्रजीप्रमाणे अर्थ असा: या गोळ्या चालू असताना मूल न होण्याची हार्मोनची साधनं कमजोर पडतात. दुसरं साधन वापरावं.

काडी हार्मोनचीच आहे. हे मला पक्कं माहीत आहे, काडी बसवताना दिलेल्या कार्डावर होतं.

कार्ड. कार्डावरही याबद्दल काहीतरी होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, कोणतंही नवीन औषध घेताना हे कार्ड आधी दाखवायचं. आणि मी ते सासूबाईंच्या हाती लागू नये म्हणून पाकिटात बंद करून माहेरी अण्णांच्या फायलींत ठेवून आले. मे महिन्यापासून ते तिथे सुरक्षित आहे आणि मी इथे.

३ तारखेला गोळ्या. ८ आणि ९ तारखेला हे घरी होते. १० ला पुन्हा गोळ्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बागेतल्या मोटारीजवळ फोनला रेंज येते. तिथून अण्णांना लावला. त्यांना काहीच माहीत नाही. म्हणाले, तुझं पाकीट आहे तसं आहे, चिकटवलेलं, मी हात लावलेला नाही. मी म्हणाले, फोडा. "फोडू?" त्यांनी दोनदा विचारलं. कोणाचं बंद पाकीट त्यांनी कधी फोडलेलं नाही.

मग वाचलं, अर्ज वाचून दाखवतात त्या आवाजात. माझं पूर्ण नाव. बसवल्याची तारीख. हात डावा. काढण्याची तारीख. एक क्षण थांबले. पुन्हा वाचू लागले, आवाज तोच. "क्षयरोग, फिट्स व काही इतर आजारांच्या औषधांमुळे परिणाम कमी होऊ शकतो. औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे." 'क्षयरोग' हा शब्द त्यांनी जरा हळू वाचला.

मी रडत होते, ते ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, कोर्टात मी लोकांचे अर्ज लिहून देतो. पण न्यायाधीशानं विचारलं की उत्तर ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. मी दाराबाहेर थांबू शकतो." मग म्हणाले, "थांबतोच."

बसवल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ना बरं ना वाईट.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे आले. सांगितलं. आधी म्हणाले, "काय होत न्हाई. सरकार देऊन राह्यलं ना गोळ्या, इचार करूनच देत असंल." मी म्हणाले, सरकारला माझी काडी कुठे माहीत आहे? मी मान हलवली होती.

मग म्हणाले, बाजींना सांग. मी म्हणाले, बाजी म्हणजे आईंचा दुसरा कान. "मंग नको सांगू." मी म्हणाले, तुम्ही सांगा ना आईंना. यावर बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. सुटलेलीच होती.

वडीगोद्रीच्या मेडिकलमधून निरोधचं पाकीट आणायचं कबूल केलं. तिथला दुकानदार यांचा वर्गमित्र, म्हणून गेले नाहीत. अंबडहून आणतो म्हणाले. तोपर्यंत मी मुक्ताला घेऊन सासूबाईंच्या खोलीत. तिला खोकला आहे असं सांगितलं. नाहीये. या घरात खोकला आहे असं खोटं सांगणारी मी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तिसऱ्या गोळ्या. गिळल्या नाहीत.

देवापुढची वस्तू सासूबाईंनी तळहातावर ठेवली की परत करता येत नाही, ते माझ्या हातून होणारच नाही. म्हणून तोंडात घेतल्या, गुळाचा खडा वर घेतला, पाणी प्यायल्यासारखं केलं आणि मोरीत जाऊन थुंकल्या. तोपर्यंत वरचा रंग सुटला होता. जीभ, ओठ लाल. मुक्तानं माझ्या तोंडात बोट घातलं, "ला! ला!" सासूबाई म्हणाल्या, "सकाळ सकाळ इडा खाल्लास का काय गं?"

शबानाबाजींनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. ती खूण खोटी आहे.

आणि गोळी घेतली नाही म्हणून मला टी.बी. झाला तर? मुक्ता माझ्याच कुशीत झोपते. बाळदम्याची छाती. एकीकडून सुटावं तर दुसरीकडे...

काडी लागली. पण नुसती लागून काय उपयोग.

१९ नोव्हेंबर, बुधवार

धीर करून जालन्याच्या सिस्टरना फोन केला. मोटारीचा आवाज इतका की दोनदा बंद करावी लागली. जे त्या बोलल्या ते तसंच लिहिते, विसरायला नको:

काडी खराब झालेली नाही. काढायची गरज लगेच नाही. या गोळ्यांमुळे तिचं बळ कमी पडतं, गोळ्या चालू आहेत तोवर आणि शेवटच्या गोळीनंतर आणखी चार आठवडे. तेवढा काळ दुसरं साधन वापरायचंच. ९ तारखेपासून तीन आठवड्यांनी तपासणी करायची, त्याआधी केली तर एक रेघ आली तरी भरवसा ठेवायचा नाही. टी.बी.च्या डॉक्टरांना कार्ड दाखवायचं, दुसरी गोळी असते, ते बदलून देतील.

थुंकल्याचं सांगितलं. रागावल्या. "तुझ्या मनानं औषध सोडायचं नाही आणि लपवायचं तर अजिबात नाही. तिकडचे समजतात तू घेतेयस. पोट दुखलं, जास्त रक्त गेलं, चक्कर आली तर थांबू नको, त्याच दिवशी दवाखाना गाठ."

मी विचारलं, राहिलंच असेल तर मी मरेन का? असंच विचारलं, या शब्दांत. त्या म्हणाल्या, "आधी तपासणी कर. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं. उशिरा कळण्याला भी."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाई शेजारणीला सांगताना ऐकलं (स्वतः ऐकलं, ऐकीव नाही): "दसऱ्यापासून न्हाई. तोंडावर बी तेज आलंय."

तेज कसलं. झोप नाही.

त्या आणि मी एकाच गोष्टीचे दिवस मोजतो आहोत. त्या मोजतात आणि खुलतात.

ताटात पुन्हा दोनदा भाजी. मोसंबी सोलून, बिया काढून हातात दिली. मी खाल्ली. अपराध्यासारखी खाल्ली, पण गोड होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काय दिवस गेला.

ओळीत बसलो. सासूबाईंनी यांना गोळ्या दिल्या, स्वतः घेतल्या. माझ्या हातावर ठेवता ठेवता हात मागे घेतला. बाजींना म्हणाल्या, "हिला नको. पोटुशी बाईला चालतेत का असल्या?" बाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "बिलकुल न्हाई चालत. पन पक्कं हाय का भाभी? दुसरं पोरगं पाह्यजे म्हनून तुम्हाला तर मांजर आडवी गेली तरी दिवस दिसतेत." हे खाली बघत होते.

खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं. गोळी टळली. काही बोलायलाच नको. गप्प बसलं की झालं, सोमवारमागून सोमवार. पण किती? पोट दिसायला लागतं किंवा दिसत नाही.

बाजी पिशवीतून किट घेऊन मला परसात घेऊन गेल्या. पाच मिनिटं. एक रेघ. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पाहवेना. देवापुढून उचललेलं कुंकू बोटावर तसंच. आत गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी त्यांची कीव आली. आणि लगेच सिस्टरचं आठवलं: तीन आठवडे झालेले नाहीत. भरवसा नाही.

बाजी हळूच म्हणाल्या, "पोट न्हाई, पाळी न्हाई. मंग काय हाय?" माझा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. सवयीनं. त्यांनी ते पाहिलं. माझा हात बाजूला केला, स्वतःच्या दोन बोटांनी चाचपलं आणि खाली बसल्या, मोरीच्या दगडावरच.

"या अल्ला. काडी बसवली आन् मी तुला ह्या गोळ्या चारून राह्यले?"

मी म्हणाले, तुम्ही विचारलं होतं, मीच मान हलवली.

"तुझ्या सासूसमोर इचारलं! ती माझी चूक. बायांना एकेकटीला इचारायचं असतंय, ट्रेनिंगमधी घसा फोडून सांगतेत." मग म्हणाल्या, आता हे डॉक्टरला सांगावं लागेल, माझ्या वहीत लिहावं लागेल. मी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "सोड. माझी वही तुझ्या सासूला वाचता येत न्हाई. आन् मी वाचून दाखवत न्हाई."

विश्वास ठेवावा का? तीस वर्षांची मैत्री आहे त्यांची. माझी त्यांच्याशी तीन वर्षांची ओळख.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अण्णांना बरं नाही असं सांगून अंबडला. हे खोटं अण्णांनीच सुचवलं. म्हणाले, गुडघा दुखतोच आहे, तेवढं खरं आहे.

एस.टी. स्टँडवर अण्णा फाईल घेऊन उभे. दवाखान्यात बाजींनी आधीच फोन केलेला होता. अण्णा दाराबाहेरच्या बाकावर बसले. मी एकटी आत. कार्ड टेबलावर ठेवलं. डॉक्टर तरुण होते, कार्ड उलटसुलट पाहिलं, दंड चाचपला. पहिल्या दिवशी का नाही दाखवलं? मी म्हणाले, दाखवायला हवं होतं. थुंकलेल्या गोळ्यांचंही सांगितलं, न विचारता. त्यांनी लिहून घेतलं.

गोळी बदलली. आता मुक्ताला आहे तीच, मोठ्यांची मात्रा, रोज एक, सहा महिने. बरोबर एक जीवनसत्त्वाची गोळी. डोळे पिवळे झाले, उलट्या झाल्या, हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच यायचं. या गोळीनं काडीला काही होत नाही. पण आधीच्या गोळ्यांचा परिणाम उतरेपर्यंत साधन वापरायचं. १० तारखेपासून चार आठवडे म्हणजे ८ डिसेंबर. मी सांगितलं, जास्त दिवस वापरते. ते हसले, "वापर."

तपासणी सोमवारी, १ तारखेला.

बाहेर आले. अण्णांनी कार्डाची झेरॉक्स काढली, मूळ कार्ड माझ्या हातात दिलं आणि झेरॉक्स फायलीत लावली. म्हणाले, "मूळ कागद मालकाजवळ असावा."

परतीच्या गाडीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. लपवायची जागा शोधत होते मनात. तांदळाचा डबा, मुक्ताच्या कपड्यांची पेटी. अण्णांचं वाक्य आठवलं आणि लाज वाटली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

यांनी पाकीट आणलं. अखेर. पाकीट उशीखाली, मी भिंतीकडे तोंड करून. हे म्हणाले, आता तर साधन आहे ना. मी म्हणाले, सोमवारपर्यंत मला हात लावू नका. ऐकलं. मग म्हणाले, "लई भ्या वाटतं का?" हे त्यांनी मेपासून पहिल्यांदा विचारलं.

नवीन गोळी तीन दिवस मुक्ताच्या गोळीबरोबर गुपचूप घेते आहे. पण सोमवारी ओळीत बसावं लागेल.

काडी लागली.

१ डिसेंबर, सोमवार

क्रमानं लिहिते.

सकाळी सहाला बाजींच्या घरी गेले, दूध आणायच्या निमित्तानं. किट. पाच मिनिटं. पहिली रेघ ठळक. दुसरीच्या जागी काहीतरी. बाजींनी उजेडात धरलं, दिव्याखाली धरलं. खिडकीत धरलं की आहे असं वाटतं, आत आणलं की नाही. त्यांच्या सुनेला हाक मारायला निघाल्या होत्या, मी नको म्हणाले. म्हणाल्या, "ही धड हो न्हाई, धड न्हाई न्हाई. बुधवारी अंबडला रक्त तपासू. मी येते." त्यांनी साखर टाकून पाणी दिलं.

घरी आले तर सासूबाईंनी ओळ मांडलेली. हे बसलेले. देवापुढे माझ्याही तीन गोळ्या, हळदकुंकू वाहिलेल्या. मागच्या सोमवारी एक रेघ आली, म्हणजे आता चालतात, असा त्यांचा हिशेब. हात पुढे केला.

मी हात मागेच ठेवला. म्हणाले, "आत्याबाई, माझी गोळी वेगळी आहे." आवाज माझा वाटला नाही.

"येगळी का? तू काय मुक्ता हाईस?"

यांच्याकडे पाहिलं. यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा... मग मी थांबले नाही. सासूबाईंचा हात धरला, तळहातावरच्या गोळ्या खाली ताटलीत ठेवल्या, आणि त्यांचं बोट माझ्या दंडावर आतल्या बाजूला टेकवलं. कापूस वेचून वेचून टोकाला भेगा पडलेलं बोट. सांगितलं. मे महिना, चष्मा, तीन वर्षं, गोळ्या, कार्ड, सगळं. आजच्या किटचंही सांगितलं. काहीच मागे ठेवलं नाही. मध्येच हे म्हणाले, "मीच घेऊन गेल्तो तिला." एवढंच, पण म्हणाले.

सासरे आतून म्हणाले, "काय चाललंय?"

सासूबाईंनी बोट काढलं नव्हतं. काडी त्यांच्या बोटाखाली इकडून तिकडे हलत होती, मला जाणवत होतं.

"आन् म्या यड्यावानी भाजी वाढून राह्यले," त्या म्हणाल्या. मग, "तीन पिशव्या रगत चढवलं तवा म्या बी व्हते तिथं. मला काय दिसलं न्हाई व्हय? मला सांगायचं न्हाई, म्या काय वैरीन हाय?"

मी म्हणाले, सांगितलं असतं तर बसवू दिली असती?

त्यांनी बोट काढलं. मग यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "काडी म्हनती न्हाई. ती रेघ म्हनती हाय. आता ह्यातलं खरं कोन?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. बुधवारी कळेल.

त्यांनी त्या तीन गोळ्या उचलून डब्यात परत ठेवल्या. देवापुढची वस्तू परत ठेवताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मुक्ताची गोळी चमच्यात विरघळवली, "कावळा आला" न म्हणता पाजली. माझ्या पर्समधून माझी पट्टी मागून घेतली, एक गोळी काढून हातावर दिली. गूळ दिला नाही. मी त्यांच्यासमोर गिळली. पट्टी स्वतःच्या कनवटीला लावली.

दुपारी धुणं वाळत घालताना म्हणाल्या, "बुधवारी शबानाला म्हनावं तू ऱ्हा घरी. तुझ्यासंगं मी येते."

कशासाठी, ते म्हणाल्या नाहीत.

कार्ड पर्समध्ये आहे. आता चाचपलं. आहे. पट्टी त्यांच्याजवळ.